गाडी पंधरा देते

जुनी पिकअप घेताना आमच्याकडे माणूस तोंडाने दोनच गोष्टी विचारतो: कागद क्लिअर आहेत का, आणि गाडी किती देते. बाकीचं सगळं तो हाताने बघतो. मीही तसंच बघितलं होतं. बॉनेट उघडून इंजिनाला कान लावला, ऑइलची कांडी काढून बोटावर घासून पाहिली, चेसीखाली पाठीवर झोपून गंज शोधला. मग दोन तास घासाघीस करून साडूने सांगितलेला भाव पार खाली आणला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, चौसाळ्याचा. सौदा पटल्यावर मी शेवटचं विचारलं, "देते किती?"

"पंधरा देते, पाव्हणं."

लिटरला पंधरा किलोमीटर. मी मान डोलावली आणि किल्ली घेतली.

माझा धंदा चिंचेचा. आष्टीच्या आसपासच्या गावांतून लोकांच्या बांधावरची झाडं मी उभी घेतो. चिंच अजून झाडावर असते आणि खाली फेरी मारून, मान वर करून सांगावं लागतं की यावर माल किती निघेल. चुकलं तर आपलं, बरोबर आलं तरी आपलं. सोळा वर्षांचा असताना मी दुसऱ्याच्या रोजावर झाडावर चढून चिंचा झोडपत होतो. तिथून इथवर आलो ते कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता. फक्त त्या दिवशी ठेवला, कारण समोर पाहुणा होता.

गाडी अकरा देत होती. पहिल्या महिन्यात वाटलं, नवीन हात आहे, बसेल हळूहळू. दुसऱ्या महिन्यात डिझेलचा काटा खाली सरकताना दिसला की मला साडूचा चेहरा दिसायला लागला. नगरच्या मार्केटला माल टाकून रिकामा येताना मी एकटाच त्याच्याशी भांडत यायचो. तिसऱ्या महिन्यात त्याच्या नव्या घराची वास्तुशांती आली.

ओसरीवर वीस-पंचवीस माणसं बसली होती. साडू हातात पानाचं ताट घेऊन फिरत होता. माझ्याजवळ आला आणि सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "काय पाव्हणं, गाडी कशी हाय?"

त्याने सहज विचारलं असेल. मी मात्र त्याच सकाळी डिझेल टाकून आलो होतो. मेव्हणीने नुकताच हातात दिलेला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अकरा देते. पंधरा म्हणून गळ्यात मारली तुमी. ज्या दिवशी ही गाडी पंधरा देईल, त्या दिवशी तुमच्या घरचं पाणी पिईन."

उठलो आणि न जेवता निघालो. बायको मागून आली. सौताड्याचा घाट आम्ही उतरलो. जामखेडला मी चहाला थांबलो तेव्हा गाडीतून न उतरता म्हणाली, "माझ्या बहिणीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

तीन वर्षं गेली. अबोला सुरू करायला एक वाक्य लागतं, मोडायला मात्र कुणाला काही सुचत नाही. बायको दोनदा एकटी एसटीने चौसाळ्याला जाऊन आली, दोन्ही वेळा त्याच दिवशी परत. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मला माझी बाजू पक्की वाटत होती. लबाडी त्याने केली, मी का वाकू?

या वर्षी फाल्गुनात, चिंच फोडायचं काम ऐन भरात असताना, मेव्हणी आमच्या दारात उभी राहिली. लेकीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातली तारीख. ऊन असं होतं की अंगणातल्या चिंचेच्या ढिगाला हात लावला तर चटका बसावा. एसटी स्टँडपासून ती चालत आली होती. माझी बायको पळत आत गेली आणि पाणी घेऊन आली. मेव्हणीने तांब्याला हात लावला नाही.

"पी गं," बायको म्हणाली.

"कसं पिऊ, अक्का? दाजी आमच्या घरचं पाणी पेत न्हाईत. मंग मी हितलं कसं पिऊ?"

ती रागाने बोलत नव्हती. ओठ सुकलेले होते आणि अगदी सरळ सांगत होती. तिने बायकोला हळदीकुंकू लावलं, पत्रिका दिली आणि माझ्याकडे वळली. "दाजी, आमाला भाऊ न्हाई, तुमाला ठाऊक हाय. पोरगी बोहल्यावर उभी राहिली की तिच्या मागं उभं राहायला मामा लागतो. मामाच्या जागी तुमीच. तुमी न्हाई आलात तर ती जागा रिकामीच राहील. मी दुसऱ्या कुणाला उभं करणार न्हाई."

पाणी न पिता ती तशीच उन्हात परत गेली. बायको भरलेला तांब्या हातात घेऊन दारात कितीतरी वेळ उभी होती. मी चिंचोक्यांचं पोतं शिवत होतो. दाभण दोनदा बोटात घुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता बायकोने विचारलं, "पंधराला किती कमी पडतंय?"

"काय?"

"गाडीला. पंधरा व्हायला किती पायजेत?"

"चार."

"मंग आणा की चार."

"चार काय झाडावर लागलेत, झोडपून पाडायला?"

"बोललात तुमी, सगळ्यांदेखत. तोंडातून गेलेलं तुमी माघारी घेणार न्हाई, हे मला ठाऊक हाय. मग गाडीलाच पंधरा द्यायला लावा. अजून दीड महिना हाय."

मी हसणार होतो, पण ती हसत नव्हती. तव्यावरची भाकरी तिने अशी पलटली की मी चहा अर्धा सोडून गाडी काढली.

आष्टीत नगर रोडला एक उस्ताद आहेत. साठी ओलांडलेली, गुडघे गेलेले. लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच गाडीचा आवाज ऐकून सांगतात काय झालं ते. मी सगळं सांगितलं, नवसासारखं बोलून बसलो तेही. ते खूप वेळ हसले.

"शेठ, अकरा देते हे तुमी मोजलं कसं?"

"काट्यावर. इतकं टाकलं, इतकं चाललं, इतका काटा खाली आला."

"काटा? तीन साल तुमी काट्यावर भांडलात? या गाडीचा काटा तर चढावर एक सांगतो अन् उतारावर दुसरं." मग त्यांनी मला शिकवलं. एकच पंप धरायचा. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटरवरचा किलोमीटरचा आकडा लिहायचा. तीन-चारशे किलोमीटर फिरून पुन्हा त्याच पंपावर, त्याच नोझलने गळ्यापर्यंत भरायची. जितकं डिझेल मावलं तितकंच जळलं. मी तसं केलं. खरोखर अकराच आलं. मला जरा बरंच वाटलं. निदान भांडण खोटं नव्हतं.

मग उस्तादांनी गाडी हातात घेतली. जॅक लावून एकेक चाक वर उचललं आणि हाताने फिरवलं. तीन चाकं फिरली. मागचं डावं अर्धा फेरा घेऊन अडलं. "हे बघा. ब्रेक कायम धरून बसलाय. तुमी पुढं ओढता, हा माघारी." ड्रम उघडला तर आत लायनिंग जळून काळंठिक्कर पडलेलं. नंतर एअर फिल्टर काढून त्यांनी जमिनीवर आपटला. मातीचा चांगला ढीग पडला. "अर्धा आष्टी तालुका तुमच्या इंजिनात हाय, शेठ." टायरमधली हवा मी लाथ मारून बघायचो. त्यांनी हवेचा मीटर लावला तर चारही चाकं मऊ.

मग ते गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि वर बघायला लागले. चिंच हलकी असते पण जागा फार खाते, म्हणून मी हौद्यावर उंच लोखंडी जाळी चढवून घेतली होती. वरून माल उडू नये म्हणून जाळीच्या पुढच्या बाजूला एक फ्लेक्स बांधला होता. आमच्याकडे साहेबांचा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी फ्लेक्स फुकट मिळतात. मजबूत असतात, कडबा झाकायला, पत्र्याखाली लावायला, कशालाही चालतात. माझ्या गाडीवर साहेब हात जोडून, टपापेक्षा दोन हात उंच, वाऱ्याला सामोरे उभे होते.

"यांना खाली उतरवा," उस्ताद म्हणाले. "लई वारा खातेत."

"अहो, माल उडतो."

"माल असेल तवा बांधा. रिकाम्या गाडीवर यांचं काय काम? अन् ही जाळीबी उतरवा. मोसमात चढवायची, मोसम संपला की काढायची. घरापर्यंत छत्री उघडी धरून पळता का तुमी?"

जाळी उतरवायला मला दोन माणसं लागली. साहेब घडी होऊन गोठ्यात गेले.

एवढं करून बारा आले. मी खूश झालो, पण बायकोने आकडा ऐकला आणि नुसतं "अजून तीन" म्हणाली. मी पुन्हा लिंबाखाली. उस्ताद म्हणाले, "आता गाडीत दोष न्हाई. चला, मला कडा गावापर्यंत नेऊन आणा."

जाताना माझ्यापुढे एक टेम्पो होता. मी त्याला मागे टाकला. मग एका कारवाल्याने हॉर्न वाजवून मला मागे टाकलं, तर मी त्याच्या मागे लागलो. उस्ताद खिडकीची दांडी धरून बसले होते.

"त्यानं तुमचं काय घेतलंय?"

"हॉर्न का म्हून वाजवला त्यानं?"

"शेठ, माणसांना ब्लडप्रेशर डोक्यात असतो, तुमचा पायात हाय. पाय वर घ्या. पन्नास-पंचावन्नवर सोडा. पुढं म्हशी दिसतेत, तर आतापासूनच पाय काढा. तिथं जाऊन ब्रेक मारायचा म्हंजे जाळलेलं डिझेल रस्त्यावर ओतायचं."

उताराला मी सवयीने गाडी न्यूट्रल केली. डिझेल वाचवायला मी कायम तसंच करायचो, आणि ही आपली हुशारी म्हणून दोघातिघांना शिकवलीही होती. उस्तादांनी माझ्या हातावर चापट मारली. "गिअरमधे ठेवा! गिअरमधे गाडीच इंजिनाला फिरवते, पंप डिझेल देतच न्हाई. न्यूट्रल केली की इंजिन जितं ठेवायला परत डिझेल. अन् घाटात असं करत असाल तर ब्रेक तापून एक दिस साडूच्या घरी न्हाई, सरळ वर जाल."

दोन आठवडे मी शहाण्या माणसासारखी गाडी चालवली. कुणी हॉर्न वाजवला तर दात आवळायचे आणि पाय आवळायचा नाही. पहिल्या दिवशी फार कठीण गेलं. शेवटी शेवटी मी ऊस तोडून परत आलेल्या टोळ्यांच्या ट्रॅक्टरमागे तासतासभर बसून असायचो आणि मला माझंच नवल वाटायचं. तेरा आले.

आणि तेरावर गाडी अडली. पुढच्या भरण्याला तेरा, त्याच्या पुढच्याला तेरा. लग्न दहा दिवसांवर. बायकोने लुगडी काढून उन्हात टाकली होती, पण पिशवी भरत नव्हती. मी लिंबाखाली गेलो आणि सगळा राग उस्तादांवर काढला. लायनिंग बदललं, फिल्टर बदलला, साहेब उतरवले, स्वतःचा पाय बदलला, आता काय कातडी काढून देऊ का?

माझं संपल्यावर त्यांनी खुर्चीतूनच टायरकडे बोट केलं. "हे कधी टाकले?"

ती माझी आवडती हकिगत होती. गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांत मी बीडला टायर घ्यायला गेलो होतो. तीन तास दुकानदाराला सोडलं नाही. शेवटी तो भावावर आला, तर त्या मापाचे चार टायर त्याच्याकडे नव्हते. मी म्हणालो, मग त्याच भावात वरच्या मापाचे दे. त्याने कपाळावर हात मारला आणि दिले. मोठे टायर लहान टायरच्या भावात. वर्षभर मी ही गोष्ट चहाच्या टपरीवर सांगत होतो. उस्तादांनाही रंगवून सांगितली.

"बरोबर," ते म्हणाले. "मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं. पण तुमचा मीटर रस्ता मोजत न्हाई, शेठ. फेरे मोजतो. तो जुन्या चाकाचाच हिशेब धरून बसलाय. गाडी पळते जास्त, मीटर सांगतो कमी."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी लिंबाच्या बुंध्याशी बसलो.

संध्याकाळच्या आत खात्री करायची म्हणून घरून बायकोला गाडीत घेतलं. नगर रोडला किलोमीटरचे दगड आहेत. तिला सांगितलं, प्रत्येक दगडाला एक मोजायचं, बोलायचं नाही. तिने पदरात मूठभर चिंचोके घेतले आणि एक दगड गेला की एक चिंचोका डाव्या मांडीवरून उजव्या मांडीवर ठेवायला लागली. एका ठिकाणी दगड पडलेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मी बोट वर केलं, तिने एक ठेवला. चाळीस चिंचोके झाले तेव्हा मी गाडी बाजूला घेतली. मीटरवर सदतीस.

मी मोबाइलवर भागाकार केला. पुन्हा केला.

"चौदा," मी म्हणालो.

बायकोने चिंचोके पदरात गोळा केले. "म्हंजे एवढे दिस गाडी अकरा देत नव्हती?"

"बारा देत होती."

"अन् आता चौदा."

"चौदा. पंधरा न्हाई." मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मीच घेतलेल्या टायरांनी मला तीन वर्षं खोटं सांगितलं होतं, हे गिळायलाच जड जात होतं. त्यात शब्द पंधराचा. लोकांनी ऐकलेला.

तिने पदराला चिंचोक्यांची गाठ मारली. मग म्हणाली, "एक विचारू? तुमी आजवर कुठल्या दुकानात पहिला सांगितलेला भाव दिलाय?"

"का म्हून?"

"सांगा की. माझ्या मंगळसूत्राच्या वाटीला सोनाराला रडवलं तुमी. कांद्याच्या पाटीला भांडता. तुमच्या हयातीत कुणी पंधरा म्हणालं अन् तुमी पंधराच धरलं, असं झालंय कधी?"

मी किल्लीला हात घातला.

"मंग ह्या एकाच सौद्यात का म्हून अडून बसलात? त्यांनी पंधरा सांगितलं. चौदाला पटलं. कुणीबी याला चांगला सौदा म्हणंल."

आयुष्यभर समोरच्याला निरुत्तर करून खाल्लं, आणि कड्याच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, ज्या बाईने कधी भाजीवालीशी घासाघीस केली नाही तिने मला गप्प केलं. मी गाडी वळवली. पाय हलका ठेवून.

लग्नाच्या तीन दिवस आधी आम्ही चौसाळ्याला पोहोचलो. हौद्यात भाड्याची पातेली आणि घंगाळं होती, ती उतरवायला माणसं जमली. साडू मांडवाच्या बांबूजवळ उभा होता, जवळ यायचं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. मेव्हणी तांब्या घेऊन आली आणि माझ्यापुढे धरून थांबली. तीन वर्षांपूर्वीच्या ओसरीवरचे निम्मे लोक तिथेच होते, म्हणून मी मोठ्यानेच म्हणालो, "चौदा देते. दगड मोजून आलोय."

साडूने घसा खाकरला. "म्हंजे पंधरा..."

"पंधरा न्हाई. एक मी सोडला. पाव्हण्यात एवढं चालतं." आणि पाणी प्यायलो. अर्धं अंगावर सांडलं, कारण लोक हसायला लागले आणि मलाही हसू आलं. मेव्हणी तांब्या न घेताच बहिणीच्या गळ्यात पडली.

दुपारी साडू आणि मी मांडवाच्या दोऱ्या आवळत होतो. बोलणं अजून जपून चाललं होतं. मी विचारलं, "तुमच्याकडं पंधरा कशी देत होती? तुमी मोजायचा कसं?"

तो दोरीची गाठ मारत राहिला. "मी कधी मोजलंच न्हाई, पाव्हणं. मी मांजरसुंब्याच्या एकाकडून घेतली तवा त्यानं पंधरा सांगितलं. मंग तुमी विचारलं, तर मी पंधरा सांगितलं."

माझ्या हातातली दोरी सुटली. तीन वर्षं. न्यूट्रलवर उतरलेले घाट, एकट्याने केलेली भांडणं, दारात पाणी न पिता उभी राहिलेली बाई, आणि हा माणूस सांगतोय की त्याने मोजलंच नाही! तोंड उघडलं होतं. मग आठवलं की मीही मोजलं नव्हतं. चेसीखाली झोपलो, ऑइल बोटावर घासलं, आणि जे एका टाकीत कळलं असतं ते विचारून घेतलं. तो खोटं बोलला असता तर मला राग धरून ठेवता आला असता. तो तेवढाही बोलला नव्हता.

"मांजरसुंब्याच्या त्यानं तरी मोजलं होतं का?" मी विचारलं.

"काय माहीत. त्यालाबी कुणीतरी सांगितलं असंल."

मी काही बोलणार इतक्यात नवरी मुलगी बाहेर आली, हातावर अर्धी मेंदी, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. "काका, तुमची गाडी मागं घ्या ना. मधल्या खांबाचा खड्डा तिथंच खणायचा हाय."

मी साडूच्या हातात दोरी दिली, किल्ली शोधली आणि गाडी मागे घेतली.